शब्दांची सोयरीक : नोकरी आणि प्रवास

परकी भाषा येते की नाही हे पाहण्यासाठी माणसाला काय विचारावे, याविषयीच्या कल्पना गेल्या शंभर वर्षांत पार पालटून गेल्या आहेत. केंब्रिजने १९१३ साली परदेशीयांकरिता इंग्रजीच्या प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिला अवघे तीन उमेदवार बसले होते. एकंदर बारा तासांच्या त्या परीक्षेत फ्रेंच वा जर्मन भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, निबंध आणि इंग्रजी वाङ्मय असा सारा सरंजाम मांडलेला होता, आणि तिन्ही उमेदवार नापास झाले. आज परदेशी जाऊ इच्छिणारी सांगलीची परिचारिका किंवा पुण्याचा अभियंता १९८९ पासून चालत आलेल्या आयईएलटीएस या परीक्षेला बसतो, तेव्हा समोरचा परीक्षक त्याला वाङ्मयाविषयी काहीही विचारीत नाही. आपण नोकरी करता की शिकता, कामात आवडते काय, कामावर जाता कसे, अलीकडे कोठे प्रवास घडला का, असेच साधे प्रश्न तो विचारतो. आणि मौज अशी की, ज्याला अर्थशास्त्रावरील ग्रंथ सहज वाचता येतो, असा मनुष्यही या साध्या प्रश्नांपाशी अडखळतो.

अडखळण्याचे कारण शब्दांचा अभाव हे नव्हे. शाळेपासून कचेरीपर्यंत आपण इंग्रजी शब्दांच्या राशीत वावरत असतो. कारण असे की, शब्द आपल्याला एकेकटे ठाऊक असतात आणि इंग्रजीत ते एकेकटे नांदत नाहीत. प्रत्येक नामाची ठराविक क्रियापदांशी, ठराविक विशेषणांशी आणि ठराविक शब्दयोगी अव्ययांशी सोयरीक जमलेली असते, व ती मोडून नवी जुळवू पाहणारा वक्ता व्याकरणदृष्ट्या शुद्ध बोलूनही परका ठरतो. या परीक्षेत बोलणे आणि लिहिणे या दोन्ही विभागांत चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीला असतात. शून्य ते नऊ या श्रेणींपैकी सातव्या श्रेणीच्या वर्णनात या सोयरिकीची जाण असावी, अशी स्पष्ट अपेक्षा नमूद केलेली आहे. तेव्हा अवघड शब्द पाठ करून श्रेणी वाढेल, ही शिकवणीवर्गांत फार पसरलेली समजूत निराधार आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

शब्दांच्या या सहवासाचे शास्त्र ज्यांनी उभारले, ते बहुतेक पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडलेले इंग्रज शिक्षक होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाला विशेष शोभणारी आहे. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना थोडक्या शब्दांत इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी शब्दांची निवड आरंभली, आणि त्याच दिशेचे काम पुढे वाढत जाऊन १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी प्रकाशित झाली. सहवासाचा सिद्धांत भाषाशास्त्रात रुजविणारे जे. आर. फर्थ हे लंडनला जाण्यापूर्वी लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. हॅरल्ड पामर व ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात बसून अशा शब्दयुग्मांचा संग्रह केला. हॉर्नबींचा विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ साली प्रथम टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. ढाका, लाहोर आणि टोकियो येथील वर्गांत जपानी, बंगाली, पंजाबी मुले ज्या ठिकाणी चुकत, त्या ठिकाणी या मंडळींना प्रथमच दिसून आले की आपल्या मातृभाषेत एक अलिखित शिरस्ता आहे आणि तो मायदेशी कोणी कधी लिहून ठेवलेला नाही.

आता नोकरीकडे वळू. आपल्या 'काम' या शब्दाच्या पोटात जे सारे सामावते, ते इंग्रजीत निदान अर्धा डझन शब्दांत वाटलेले आहे. 'वर्क' मोजता येत नाही. 'आज मला दोन कामे आहेत' याचे 'टू वर्क्स' असे रूप करून चालत नाही, कारण 'अ वर्क' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ग्रंथ किंवा शिल्प उभे राहते आणि 'वर्क्स' म्हटले की कारखाना. मोजावयाचे असेल तर 'जॉब'. त्याचा जुना अर्थच कामाचा एक तुकडा असा होता. हुद्दा सांगावयाचा तर 'पोस्ट' किंवा 'पोझिशन'. वकिली, वैद्यकी यांसारखा शिक्षणसाध्य व्यवसाय म्हणजे 'प्रोफेशन'. सुतार, गवंडी, नळजोडणी करणारा यांचे हस्तकौशल्य म्हणजे 'ट्रेड'. 'ऑक्युपेशन' हा शब्द मुख्यतः अर्जाच्या रकान्यात शोभतो, बोलण्यात नव्हे. 'करीअर' म्हणजे या साऱ्याची आयुष्यभराची वाटचाल, आणि तिचा उच्चार करताना आघात दुसऱ्या अवयवावर द्यावयाचा. पहिल्यावर दिला की 'कॅरिअर' होतो, आणि कॅरिअर म्हणजे सायकलला मागे असतो तो. 'कॉलीग' आणि 'कॉलेज' यांच्यातही असाच घोटाळा ऐकू येतो: सहकाऱ्याच्या शब्दात शेवटी 'ग' आहे, महाविद्यालयाच्या शब्दात 'ज'.

नोकरीत शिरण्याची क्रियापदे मराठीला फारशी जड नाहीत. आपण कंपनीकडे नोकरीसाठी अर्ज करतो. इंग्रज मनुष्य कंपनीला 'टू' लावतो, नोकरीला 'फॉर' लावतो, आणि दोन्ही भाषांचा संसार येथे जुळतो. पंचाईत होते ती रुजू होण्यापाशी. 'माझे जॉइनिंग सोमवारी आहे' हे आपल्या कचेऱ्यांतले रोजचे वाक्य तसेच्या तसे इंग्रजीत गेले की परीक्षक गोंधळतो. त्याला 'आय स्टार्ट वर्क ऑन मंडे' एवढे पुरते, आणि लेखी भाषेत 'टेक अप अ पोस्ट' हे शब्दयुग्म अधिक भारदस्त. राजीनामा आपण देतो, तर इंग्रजीत तो 'हँड इन' करतात. मुदत आपण पाळतो, तर 'डेडलाइन' ही 'मीट' करावयाची किंवा 'मिस' करावयाची असते. कामाचा बोजा 'हेवी' असतो, रहदारी 'हेवी' असते, आणि पाऊसही 'हेवी' असतो. पण चुरस मात्र 'हेवी' नसून 'फिअर्स' किंवा 'स्टिफ' असते. याला तर्क नाही. तर्क शोधीत बसणाऱ्यापेक्षा जोडी जशी आहे तशी उचलणारा विद्यार्थी लवकर पुढे जातो.

नोकरी सुटण्याचे प्रकार मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहेत, कारण येथे शब्द चुकला तर माणसाच्या अब्रूचा प्रश्न येतो. 'डिसमिस' म्हणजे बडतर्फ करणे, आणि त्यात दोषारोप आहे. 'सॅक' व 'फायर' हे त्याचेच घरगुती अवतार, लेखी पत्रात न शोभणारे. 'रिडंडंट' ठरविणे हा ब्रिटिश प्रयोग असून त्यात माणसाचा दोष नसतो. जागाच उरलेली नसते. 'ले-ऑफ' या शब्दाची कथा तर मुंबईच्या गिरणगावाला चांगली ठाऊक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ च्या दुरुस्तीने जो 'ले-ऑफ' आला, त्याचा अर्थ कोळसा, वीज, कच्चा माल यांच्या अभावी कामगाराला तूर्त काम देता न येणे असा होता. नोकरीचे नाते तुटत नसे आणि ठराविक अटींवर निम्मा पगार भरपाई म्हणून मिळे. कायमची कपात करावयाची तर तिला 'रिट्रेंचमेंट' हे निराळे नाव होते. आज अमेरिकी प्रभावाखाली 'लेड ऑफ' म्हणजे नोकरी गेली असाच अर्थ सर्वत्र घेतला जातो. तेव्हा तीस वर्षांपूर्वी गिरणीत वडिलांना महिनाभर 'ले-ऑफ' होता हे सांगणाऱ्या उमेदवाराने 'टेंपररिली' हा एक शब्द जोडावा. नाही तर ऐकणारा घराचे दिवाळे निघाले असे समजेल.

पगाराच्या शब्दांत ठरीव वर्गभेद आहे. महिन्याचा 'सॅलरी', तासावारी किंवा आठवड्याचा 'वेजेस', वकील-डॉक्टरांचा 'फी', आणि भत्ता म्हणजे 'अलाउन्स'. आपल्याकडे ज्याला सरसकट 'इन्क्रिमेंट' म्हणतात, त्याला इंग्लंडात 'पे राइज' आणि अमेरिकेत 'रेज' म्हणण्याचा प्रघात आहे. जाता जाता येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला. 'रजा', 'राजीनामा', 'बदली', 'हजेरी' हे शब्द अरबी-फारसीतून दप्तरांत उतरले. त्यांच्यावर पुढे 'लीव्ह', 'ड्यूटी' आणि 'ट्रान्सफर' येऊन बसले. चाकरीची भाषा धन्याबरोबर बदलत आली आहे, आणि मराठी मनुष्याने प्रत्येक वेळी ती नवी परिभाषा निमूटपणे आत्मसात केली आहे. त्या दृष्टीने पाहता आजच्या उमेदवारापुढचे काम अपूर्व असे काही नाही.

परंतु या आत्मसात करण्यातच खरा सापळा आहे. जे इंग्रजी शब्द मराठीत घरजावई होऊन बसले, त्यांचे अर्थ येथे पालटले. 'मुलगा सर्व्हिसला आहे' हे वधुपित्याला समाधान देणारे वाक्य इंग्रजीत नेले तर ऐकणारा मुलाला सैन्यात तरी धाडील किंवा कोणा उमरावाच्या घरी गडी म्हणून तरी ठेवील. 'पास्ड आउट' म्हणजे आपल्याकडे पदवी मिळाली, तिकडे शुद्ध हरपली. 'प्रीपोन' हा शब्द आता इंग्रजी कोशांतही आला आहे आणि तो माझ्या मते मोठा सुटसुटीत आहे. तथापि परीक्षेत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणणे शहाणपणाचे. 'आउट ऑफ स्टेशन' यातील 'स्टेशन' रेल्वेचे नव्हे, तर कंपनी सरकारच्या अंमलदाराच्या नेमणुकीचे ठिकाण होय. तो अंमलदार गेला, ठाणे गेले, आणि त्याची गैरहजेरी तेवढी आपल्या रजेच्या अर्जांत शिल्लक राहिली. परीक्षकाला 'अवे' एवढे सांगितले की पुरे.

प्रवासाच्या प्रांतात हा सापळा अधिकच दाट आहे. महाराष्ट्रात हॉटेल म्हणजे जेथे मिसळ आणि चहा मिळतो ते. इंग्रजीत हॉटेल म्हणजे जेथे रात्री निजावयास मिळते ते. 'आम्ही वाटेत एका हॉटेलात थांबलो' हे वाक्य 'स्टे' या क्रियापदासह सांगणाऱ्या उमेदवाराने नकळत अर्ध्या तासाच्या चहाची एका रात्रीची वस्ती केलेली असते. 'पार्सल' म्हणजे टपालाने येणारे पुडके. बांधून नेलेल्या जेवणाला ब्रिटनमध्ये 'टेकअवे' म्हणतात. एसटी स्टँड म्हणजे 'बस स्टेशन'. आणि 'ट्रॅव्हल्स'! पुण्याहून नागपूरला रात्रीच्या खाजगी गाडीने येणारा प्रत्येक मनुष्य 'ट्रॅव्हल्सने आलो' असे सांगतो. इंग्रजीत त्या वाहनाला 'कोच' म्हणतात, आणि 'ट्रॅव्हल्स' हे अनेकवचन 'मार्को पोलोचे प्रवास' अशा थाटाच्या भ्रमंतीसाठी राखून ठेवलेले आहे.

'ट्रॅव्हल' हाही 'वर्क'सारखाच न मोजता येणारा. 'अ गुड ट्रॅव्हल' होत नाही, 'अ गुड जर्नी' होते. 'जर्नी' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची क्रिया, 'ट्रिप' म्हणजे जाऊन येणे, 'व्हॉयेज' समुद्रावरचा किंवा अंतराळातला, 'एक्स्कर्शन' ही शाळेची वा मंडळींची छोटी सहल. या शब्दांच्या मुळाशी गेले तर नोकरी आणि प्रवास यांची गाठ फार जुनी असल्याचे दिसते. 'ट्रॅव्हल' हा कष्ट या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून निघाला, आणि त्याच शब्दाचा फ्रेंचमधील आजचा वंशज 'काम' या अर्थी नांदतो आहे. 'जर्नी' म्हणजे मूळचा एका दिवसाचा प्रवास किंवा एका दिवसाची मजुरी, नेमकी आपली 'मजल'. रोजावर काम करणाऱ्या कारागिराला म्हणूनच 'जर्नीमन' म्हणत. उलट 'करीअर' हा शब्द रस्त्याचा आणि शर्यतीच्या मैदानाचा, म्हणजे मुळात प्रवासाच्याच गोटातला.

रोज कामावर जाण्यायेण्याला 'कम्यूट' म्हणतात, आणि बदलापूर-मुंबई रोज करणाऱ्या उमेदवाराने हा एक शब्द पक्का करावा, कारण 'अप-डाउन करतो' याला दुसरा चांगला पर्याय नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी आगगाड्यांनी रोजच्या सुट्या भाड्याऐवजी एकरकमी सवलतीचे तिकीट काढले, ज्याला आपण पास म्हणतो. सुट्या रकमांचे एका रकमेत रूपांतर म्हणून त्याला 'कम्यूटेशन' तिकीट म्हणू लागले आणि तिकिटाचे नाव प्रवाशाला चिकटले. सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्यास हा शब्द वेगळ्या वाटेने परिचित असतो; निवृत्तिवेतनाचा काही भाग एकदम रोख घेण्याचे जे 'कम्यूटेशन', तेच हे.

शब्दयोगी अव्ययांचा जाच मराठी मनुष्याला विशेष होतो, कारण आपले विभक्तिप्रत्यय सगळीकडे एकसारखे धावून जातात. 'स्टेशनला पोहोचलो' यातील 'ला' मनात घोळत असल्यामुळे 'रीच्ड टू द स्टेशन' असे तोंडून निघते. 'रीच' याला काहीच लागत नाही. 'अराइव्ह' याला लागते, पण 'टू' कधीच नाही: स्टेशनावर, विमानतळावर 'अ‍ॅट', शहरात वा देशात 'इन'. जिच्यात उभे राहून चालता येते अशा बशीत, गाडीत, विमानात मनुष्य 'ऑन' होतो. जिच्यात अंग दुमडून शिरावे लागते अशा मोटारीत वा रिक्षात तो 'इन' होतो. 'बसमध्ये बसून गेलो' याचे शब्दशः रूपांतर करू नये. 'टुक द बस' पुरते. गाडी 'कॅच' करावयाची, 'मिस' करावयाची; घरून 'सेट ऑफ' करावयाचे; निरोप देणारे 'सी ऑफ' करतात आणि घ्यायला येणारे 'पिक अप' करतात. सामान 'लगेज', तेही अगणनीय, म्हणून दोन बॅगांना 'टू पीसेस ऑफ लगेज'.

ब्रिटिश आणि अमेरिकी शब्दांच्या भेदाचा पुष्कळ बाऊ केला जातो. परीक्षेला दोन्ही मान्य आहेत, एवढेच की लिखाणात एकाच पंथाला धरून राहावे. 'हॉलिडे' आणि 'व्हेकेशन', 'रिटर्न' आणि 'राउंड ट्रिप', 'क्यू' आणि 'लाइन' या जोड्या ओळखता आल्या म्हणजे झाले. 'सबवे' तेवढा ध्यानात ठेवावा: न्यूयॉर्कात ती भुयारी आगगाडी, लंडनात व आपल्या मुंबईत तो पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग.

श्रवणाच्या कसोटीत वर्णलेखनालाही किंमत आहे. तिच्या पहिल्या दोन भागांत व्यवहारातले प्रसंग येतात: कोणी खोली ठरवितो, कोणी सहलीची चौकशी करतो, आणि ऐकलेला शब्द बरोबर लिहिला नाही तर गुण मिळत नाही. 'अकॉमोडेशन' या शब्दात 'सी' दोन आणि 'एम'ही दोन. 'इटिनररी'त 'आर' दोनदा येतो आणि उच्चारात एकदाच ऐकू आल्यासारखा वाटतो. 'एकच शब्द लिहा' अशी सूचना असता दोन लिहिले तर उत्तर शुद्ध असूनही बाद होते.

राहता राहिली ती दीर्घ भाषणाची कसोटी. तीत उमेदवाराच्या हाती एक चिठ्ठी देतात, विचार करावयास एक मिनिट देतात, आणि मग एक ते दोन मिनिटे बोलावे लागते. 'स्मरणात राहिलेल्या प्रवासाचे वर्णन करा' असा विषय आला की पुष्कळजण न पाहिलेल्या स्वित्झर्लंडची बर्फाच्छादित शिखरे वर्णू लागतात, आणि पाठ केलेला मजकूर परीक्षकाच्या तत्काळ ध्यानात येतो. त्यापेक्षा गणपतीला कोकणात जाण्याचा प्रवास सांगावा. मिळालेल्या मिनिटात पुरी वाक्ये लिहू नयेत, जोड्या तेवढ्या टिपाव्यात: तिकीट काढले ते 'वेल इन अ‍ॅडव्हान्स', तरी गाडी 'फुली बुक्ड'; डबा 'पॅक्ड'; निघण्यास उशीर झाला म्हणून 'डिलेड', पण रद्द नव्हे, तो 'कॅन्सल्ड'; रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा, त्यातून 'गो थ्रू'; पहाटे स्टेशनावर 'गेट ऑफ', आणि काका घ्यायला आलेले, म्हणजे 'पिक अप'. एवढ्या सहा-सात टिपणांवर दोन मिनिटे सहज निघतात, आणि परीक्षकाने मध्येच थांबवून काकांविषयी एखादा प्रश्न विचारला तरी उत्तर शोधावे लागत नाही, कारण काका खरेच आलेले असतात.